दिवा लागतो, पण फ्रीज थंड आहे का?

गेल्या बकरी ईदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दस्तरखानावर आदल्या दिवशीचा कोरमा होता. अम्मींनी आणि बहिणीच्या सात वर्षांच्या मुलाने तो आवडीने खाल्ला. आम्ही बाकीचे पाहुण्यांच्या गडबडीत उशिरा जेवलो आणि डाळ-भातावर भागवले. मध्यरात्रीनंतर दोघांच्याही पोटात कळा सुरू झाल्या, मग जुलाब. मुलगा ओआरएसवर सावरला. अम्मींचे वय सत्तरीचे, त्यात साखरेचा आजार. त्यांना पहाटे दवाखान्यात न्यावे लागले आणि दोन दिवस सलाईन लावावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, त्या बऱ्या झाल्या.

डॉक्टरांनी विचारले, "कोरमा कुठे ठेवला होता?"

आम्ही म्हणालो, "फ्रीजमध्ये."

"फ्रीज थंड होता का?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. दार उघडले की दिवा लागत होता, मोटारीचा आवाज येत होता, एवढेच आम्हाला माहीत होते. घरी येऊन पाहिले तर लोण्याचे तेल झाले होते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी हलत होते. वाढण्यापूर्वी अम्मींनी पातेले हुंगून पाहिले होते. "बू तो नहीं आ रही," असे त्या म्हणाल्याही होत्या. त्यांचे चुकले नव्हते, वास खरोखरच नव्हता. पण अन्नाला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू वेगळे. दुसऱ्या प्रकारचे जंतू लाखोंनी वाढले तरी नाकाला कळत नाही.

मिस्त्रीने फ्रीज तपासला. गॅस ठीक होता, कॉम्प्रेसरही ठीक. मग तो म्हणाला, "यह बेचारा साँस कैसे लेगा?" फ्रीज भिंतीला अगदी चिकटून उभा होता, मागच्या जाळीवर धुळीचा थर होता आणि दाराचे रबर एका कोपऱ्यात फाटले होते. वर टिनाचे छप्पर आणि बाहेर नागपूरचा उन्हाळा. आपल्याकडच्या बऱ्याच फ्रीजवर मागच्या पट्टीत 'टी' हे अक्षर असते. खोलीचे तापमान 43 अंशांपर्यंत असले तरी चालेल, अशी ती खूण आहे. आपल्या नागपुरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता. टिनाखालच्या स्वयंपाकघरात काय होत असेल, ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

बाकीची कसर आम्हीच भरून काढली. बकऱ्याच्या अंगाचे तापमान 39 अंशांच्या आसपास असते. कुर्बानीचे ताजे गोश्त घरी येते तेव्हा ते कोमटच असते. आमच्या वाट्याचे, दोन नातेवाइकांचे आणि शेजारच्या आपांचे असे सगळे गोश्त मोठमोठ्या पिशव्यांत भरून आम्ही फ्रीजमध्ये कोंबले. घरचा फ्रीज थंड वस्तू थंड ठेवू शकतो. पंधरा-वीस किलो कोमट गोश्त तो एकदम थंड करू शकत नाही. जाड पिशवीच्या मधला भाग कित्येक तास गरमच राहतो. शिवाय कोरम्याचे मोठे पातेले दुपारपासून इशाच्या नमाजेपर्यंत ओट्यावर होते आणि नंतर तेही त्याच फ्रीजमध्ये गेले.

आम्ही शाळेत मुलांना सूक्ष्मजीवांचा धडा शिकवताना फळ्यावर एक हिशेब मांडतो. पोषक अन्न आणि ऊब मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. सात तासांत एकाचे वीस लाखांवर. वर्षानुवर्षे हा हिशेब शिकवला, आपल्या ओट्यावर मात्र कधी मांडला नाही.

साधारण 5 ते 60 अंश हा जंतूंच्या सोयीचा पट्टा आहे. म्हणून शिजवलेले अन्न, दूध आणि गोश्त दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. खोली 32 अंशांच्या वर तापली असेल तर एकच तास. उन्हाळ्यातल्या नागपूरसाठी एक तासच धरावा. पुन्हा उकळले की सगळे ठीक होते, हा समजही खरा नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी अन्नात आधीच सोडलेले विष उकळूनही तसेच राहते. भाताच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. 2024 साली ती 17 जूनला होती, 2025 साली 7 जूनला. आता काही वर्षे ती मे महिन्यात, ऐन तापात येणार. म्हणून आमच्या घरी आता आम्ही काय करतो ते सांगतो.

ईदेच्या आठवडाभर आधी फ्रीजचा प्लग काढून मागची जाळी ब्रशने साफ करतो. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढतो. दारात नोट धरून दार लावतो. नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल आहे असे समजावे. फ्रीझरमध्ये साचलेला बर्फ सुरीने कधीही खरवडू नये, नळी फुटून गॅस जातो. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात रात्रभर थर्मामीटर बुडवून ठेवतो. सकाळी पारा 5 अंशांच्या वर दिसला तर मिस्त्रीला ईदेआधीच बोलावतो. फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवतो आणि ईदेपर्यंत फ्रीज शक्य तेवढा रिकामा करतो.

ईदेच्या दिवशी गोश्त अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पाकिटांत भरतो आणि पाकिटांमध्ये जागा सोडतो. कच्चे गोश्त नेहमी खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचे पाणी शिजवलेल्या अन्नात गळत नाही. उरलेला सालन लगेच पसरट डब्यांत काढतो, डबे परातीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करतो आणि मग फ्रीजमध्ये ठेवतो.

लाइन गेली किंवा फ्रीज बंद पडला तर दार उघडून पाहत बसू नये. दार बंद राहिले तर खालचा फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास गोठलेला राहू शकतो. हा हिशेब धडधाकट फ्रीजचा आहे. रबर फाटलेल्या फ्रीजला तो लावू नये. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर बर्फाची लादी आणून थर्माकोलच्या पेटीत गोश्त आणि बर्फ थरावर थर ठेवावा. बाहेरगावी जाताना फ्रीझरमध्ये गोठलेल्या पाण्याच्या वाटीवर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाशी दिसले तर मध्ये सगळे वितळून पुन्हा गोठले होते असे समजावे. गोश्तात अजून बर्फाचे कण असतील तर ते लगेच शिजवता येते. ते मऊ आणि कोमट झाले असेल, किती वेळ तसे होते ते माहीत नसेल, तर चाखूनसुद्धा पाहू नये.

अम्मींचे इन्सुलिनही त्याच फ्रीजच्या दारात होते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते, आणि ते गोठूही द्यायचे नसते. फ्रीज बंद पडला की आम्ही ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ओल्या माठात, सावलीत ठेवतो. आपल्याकडची कोरडी हवा माठाला चांगला गारवा देते. इन्सुलिनला तात्पुरता तो आधार होतो, पण गोश्त आणि दुधासाठी तो पुरत नाही. इन्सुलिन तापले होते अशी शंका आली तर वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

त्या ईदेला आम्ही कितीतरी किलो गोश्त टाकून दिले. दवाखान्यातून परतलेल्या अम्मी ते पाहून रडल्या. कुरआनात हलालच्या जोडीने तय्यब हा शब्द येतो. गोश्त हलाल होते, पण आमच्या हातून ते तय्यब राहिले नाही. हदीसच्या ग्रंथांत येते की एका वर्षी भुकेली माणसे मदीनेत आली होती, तेव्हा प्रेषितांनी (स.) कुर्बानीचे गोश्त तीन दिवसांपलीकडे ठेवण्यास मनाई केली आणि पुढे ती मनाई उठवून खाण्याची, वाटण्याची आणि साठवण्याचीही मुभा दिली. मुभा आहेच. पण आमच्या फ्रीजमध्ये जे सडले, ते मोमिनपुऱ्यातल्या कितीतरी घरांत त्याच दुपारी चुलीवर चढले असते.

आता घरात पहिली पिशवी भरते ती वाटपाची. मुले सायकलवर निघतात, आणि ती परतल्यावरच आम्ही फ्रीजचे दार उघडतो.