अस्सलपणाची सनद

कर्जत-खालापूरच्या होतकरू गिटारवादकांना डिजिटल मॉडेलर, म्हणजे अँपच्या नादाची गणिताने नक्कल करणारे यंत्र, टाकून देण्याचा उपदेश करणाऱ्या एका जाणकारांची कैफियत थोडक्यात अशी: ट्यूब अँपचा नाद जिवंत, मॉडेलरचा निर्जीव, पहिला अस्सल, दुसरा नक्कल, आणि नकलेवर पोसलेला वादक कलावंत होणे नाही.

निर्जीवपणाचा आरोप टिकत नाही, कारण बोटांचा जोर वाढताच नाद खरखरीत आणि ओसरताच निर्मळ होणे हा गुण आजच्या चांगल्या मॉडेलरमध्येही आढळतो. नकलेचा आरोप मात्र मुळापासून तपासला पाहिजे. 1962 साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जो अँप तयार झाला आणि ज्याच्या गर्जनेस हे गृहस्थ प्रमाण मानतात, त्याचे विद्युत्‌मंडल अमेरिकेतील फेंडरच्या ‘बेसमन’वरून जवळजवळ जसेच्या तसे घेतलेले होते, आणि तो बेसमन तरी मुळात बास गिटारसाठी घडवलेला. शिवाय ट्यूबला, म्हणजेच व्हॉल्व्हला, कुवतीबाहेर राबवले असता तरंगांचे माथे बोथट होऊन मूळ नादात नसलेले सहायक नाद उमटतात, हा अभियंत्यांच्या लेखी दोषच होता. वादकांनी त्याला अलंकाराची प्रतिष्ठा दिली. नकलेतून आणि दोषातून ज्या परंपरेचा जन्म झाला, तिच्या नावाने गणिताने केलेल्या नकलेस गुन्हेगार ठरविणे हा निव्वळ दुराग्रह होय. श्रुतींचा घात करते म्हणून पेटीला मैफलीतून हद्दपार करू पाहणाऱ्यांनीही एके काळी असाच दुराग्रह धरला होता. श्रुतींविषयीचे त्यांचे म्हणणे खरे असूनही पेटी राहिली, आणि आज आमच्या गावोगावचे भजन तिच्यावाचून उभे राहत नाही.

ट्यूब अँपसमोर उभे राहिल्यावर छातीवर जो नादाचा आघात होतो, तो मॉडेलरला जोडलेल्या हेडफोनमध्ये मिळत नाही, हे मला मान्य आहे.

तरीही मॉडेलरच्या बाजूने माझे मंडन एवढेच. तीसेक किलोंचा मोठा ट्यूब अँप कर्जत लोकलच्या गर्दीतून मुंबईस नेता येत नाही, आणि त्याचा खरा रंग ज्या आवाजात खुलतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वस्तीत सोडता येत नाही. 1915 पासून खोपोलीच्या आणि 1922 पासून भिवपुरीच्या जलविद्युत्‌केंद्रांनी मुंबईला वीज पुरविली. पण ही केंद्रे ज्या कर्जत-खालापूर तालुक्यांत आहेत, त्यांतल्याच पाड्यांवर पावसाळ्यात वीज खंडित होते, तेव्हा बॅटरीवर चालणारा लहानसा मॉडेलरच रियाज अखंड ठेवतो. जे साधन साधकाच्या हाती रोज राहते तेच त्याला घडविते. म्हणून मॉडेलरवर शिकणाऱ्यास कमी लेखण्याची सनद कोणापाशीही नाही.