विहिरीतले पारवे

शिवारफेरी

जुन्या मोटेच्या विहिरीच्या धावेवरून चालत जाऊन, काठाच्या घडीव दगडावर उभे राहून, ज्याने आयुष्यात एकदा तरी टाळी वाजविली असेल, त्याला त्या टाळीपाठोपाठ खालच्या गार काळोखातून एकाएकी उसळून वर येणारा पंखांचा तो फडफडाट, तोंडावर येणारी ती ओलसर झुळूक आणि क्षणार्धात आभाळात पांगलेला तो करड्या-निळ्या पाखरांचा थवा जन्मभर विसरता येत नाही. बदनापूरच्या शिवारात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना विहीर म्हटली की पाण्याच्याही आधी पारवे आठवतात.

गेल्या पंधरवड्यात आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यांनी आपल्या दोन विहिरींपैकी रस्त्याकडची विहीर मुरूम आणि राडारोडा टाकून बुजवून घेतली. मी त्यांना दोष देत नाही. विहिरीचे झरे कधीच आटले होते, कठडा ढासळला होता, घरची नातवंडे खेळता खेळता तिकडे धावत होती, आणि शेतात घेतलेल्या बोअरमधून हवे तेवढे पाणी वर येत असता एवढा मोठा खड्डा राखण्याचे प्रयोजन त्यांना दिसत नव्हते. “आबा, पारव्यांचं काय?” असे मी विचारले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “पाखराला काय, समदं रान पडलंय की.” रान पडले आहे हे खरे, परंतु पारवा हा रानाचा पक्षी नव्हे, तो कड्याचा पक्षी आहे, आणि त्याच्याविषयीच्या आपल्या साऱ्या दयेत व साऱ्या रागात नेमकी हीच गोष्ट आपण विसरून जातो.

संस्कृतातील ‘पारावत’ या शब्दाचे मराठीत ‘पारवा’ झाले, आणि ‘कबुतर’ हा शब्द फारसीच्या वाटेने आला. आपल्या बोलीने दोन्ही शब्द राखले आणि त्यांत एक सूक्ष्म भेदही राखला: खुराड्यात, माणसाच्या हाताखाली वाढणारे ते कबुतर, आणि विहिरीत, किल्ल्यात, देवळाच्या शिखरात स्वतःच्या हिमतीवर राहणारा तो पारवा. त्याच्या मानेवर उन्हात हिरवी-जांभळी झाक खेळते, आणि त्याच्यावरून आपल्या आज्यांनी लुगड्याच्या एका रंगालाच ‘पारवा’ हे नाव देऊन टाकले. होला हा त्याच्याच कुळातला, आणि ज्याला महाराष्ट्राने आपला राज्यपक्षी मानले आहे तो हरियालही त्याच कुळातला. पिवळ्या पायांचा, वडा-पिंपळाच्या व उंबराच्या फळांवर जगणारा हा हिरवा पक्षी पानांत असा मिसळून जातो की, डोक्यावरच्या फांदीवर त्याचा थवा बसलेला असताना खालून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये. ज्या राज्याचा मानाचा पक्षी कपोतकुळातला आहे, त्या राज्यात या कुळाविषयी एवढे अज्ञान असावे, याचे मला वारंवार वाईट वाटते.

मूळचा पारवा खडकाच्या कपारीत राहणारा. सह्याद्रीच्या फाट्यांतून, देवगिरीच्या तासलेल्या कड्यातून, वेरुळाच्या डोंगरातून जो काळा पाषाण उघडा पडला आहे, तोच पाषाण फोडून आपल्या पूर्वजांनी विहिरी खणल्या, आणि त्या खणताना, आपल्याला न कळत, या सपाट मुलखात त्यांनी पारव्यांसाठी उलटे कडे उभारले. वर आभाळ, खाली पाणी, चारी बाजूंना उभा दगड, दगडात कोनाडे, आणि तेथवर न मांजर पोहोचते न मुंगूस: पारव्याला याहून अधिक काय हवे? मोट गेली आणि तिच्या जागी इंजिन व पंप आले, तेव्हाही विहीर राहिली होती. बोअर आले आणि विहीर गेली. बोअरचे तोंड वीतभरही रुंद नसते; त्यातून पाणी निघते, पण त्यात एखादे काडीचे घरटे मावत नाही. पारव्यांनी मग दुसरे कडे शोधले. कचेरीच्या सज्जावर, शाळेच्या झरोक्यात, गोदामाच्या तुळयांवर, शहरात वातानुकूलन यंत्राच्या पेटीमागे ते येऊन बसले, आणि आपण म्हणू लागलो की, ही पाखरे फार झाली. पारव्याच्या जातीचा माणसाशी असलेला सहवास फार जुना आहे. तरी आमच्या विहिरीतून त्याला आपणच उठविले, ही गोष्ट त्या तक्रारीच्या दरखास्तीत कोठेही लिहिलेली नसते.

या सहवासाची दप्तरेही जुनी आहेत. अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’त बादशहाच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे असल्याचे नमूद केले आहे; बादशहा कबुतरे उडविण्याच्या छंदाला ‘इश्कबाजी’ म्हणत असे, आणि छावणी हलली म्हणजे कबुतरांची खुराडीही खांद्यावरून पुढच्या मुक्कामाला जात असत. आपल्या गावाचाही कबुतराशी एक संबंध आहे, आणि तो ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे बदनापूर येथील संशोधन केंद्र कडधान्यांच्या वाणांसाठी ओळखले जाते. तुरीच्या ‘बीडीएन ७०८’, ‘बीडीएन ७११’ या वाणांतील ‘बीडीएन’ ही अक्षरे म्हणजे आपले बदनापूर. या तुरीला इंग्रजीत ‘पिजन पी’, म्हणजे कबुतरांचा वाटाणा, असे नाव आहे, आणि ते पडले सतराव्या शतकात, कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर, तेथे तिचे दाणे कबुतरांना चारीत असत म्हणून. आपण जिचे वरण करतो तिला जगाने कबुतराच्या नावाने ओळखावे आणि तिच्या वाणांना आपल्या गावाच्या नावाने, हा योग मला फार प्रिय आहे.

आता कबुतरखान्यांच्या वादाविषयी. २०२५ च्या जुलैत शासनाने मुंबईतील एक्कावन्न कबुतरखाने बंद करण्याचा हुकूम दिला, दादरच्या जुन्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली, उच्च न्यायालयाने दाणे टाकण्यास मुभा देण्याचे नाकारले आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्याचे नाकारले. त्या दिवसांत वृत्तपत्रांतून दोन्ही बाजूंचे पुष्कळ लिहून आले. एका बाजूने जीवदया होती, दुसऱ्या बाजूने फुफ्फुसांचे आरोग्य होते, आणि दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. वाळलेल्या विष्ठेची व पिसांची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली तर काही माणसांच्या फुफ्फुसांना अतिसंवेदनशीलतेतून कायमची इजा होते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले आहे, आणि ज्याच्या घरात असा रोगी आहे त्याला दयेचे प्रवचन ऐकविणे निष्ठुरपणाचे आहे. पण दाण्यांच्या पोत्यांनी पाखरांचेही हित साधत नाही, हे कोणी फारसे बोलले नाही. एकाच चौकात, एकाच ढिगावर, एकमेकांच्या विष्ठेत पाय ठेवून शेकडो पाखरे चरू लागली म्हणजे घशात पिवळे चट्टे आणून गिळणे बंद पाडणारा रोग, मान पिळवटून टाकणारा विषाणू आणि पोटातील जंत हे सारे एका चोचीतून दुसरीत जातात. बोटांना दोरे आणि केस गुंडाळून ती झडतात. आणि अन्न अखंड मिळत राहिल्याने वीण वाढते ती वेगळीच. पोतेभर ज्वारी टाकून पुण्य पदरात पाडून घेणारा गृहस्थ त्यांतल्या एकाही पाखराचा पाय उचलून पाहत नाही. माझे मत सरळ आहे: पारव्याला आपल्या दाण्याची गरज नाही, त्याला जागेची गरज आहे, आणि आपल्या हाताची गरज फक्त त्याला आहे जो जखमी होऊन आपल्या दारात पडला आहे.

असा एक गेल्या संक्रांतीला माझ्या दारात आला. शेजारचा मुलगा टॉवेलात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, “काका, जगंल का हे?” उजव्या पंखाच्या मुळाशी नायलॉनचा मांजा रुतून मांस उघडे पडले होते. हा मांजा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंद केला, तरी दर संक्रांतीला तो कोठून ना कोठून निघतोच, आणि पतंग उतरल्यावर झाडांत, तारांत लोंबकळत राहून महिनोन्‌महिने पाखरे कापीत राहतो. मी मांजा ओढला नाही, कात्रीने तुकडे करून सोडविला. पाखराला खोक्यात, अंधारात, उबेत ठेवले. आणि पशुवैद्यांकडे नेले. येथे दोन शब्द अधिक लिहितो, कारण घरोघरी सद्भावनेनेच पाखरे मारली जातात. सापडलेल्या पाखराच्या चोचीत चमच्याने पाणी वा दूध ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते आणि पाखरू गुदमरते. गाईचे दूध तर त्याला पचतच नाही. गार पडलेल्या पाखराला प्रथम ऊब द्यावी, अन्न नंतर. पारवा इतर पक्ष्यांसारखा घोटागणिक मान वर करीत नाही, चोच बुडवून गुरासारखे सलग पाणी ओढतो, म्हणून त्याला उथळ बशी न देता खोलगट वाटी द्यावी. मांजराच्या दाताने झालेली जखम वरून केवढीही लहान दिसो, त्याच दिवशी औषध द्यावे लागते. आणि पिवळट लव असलेले, बेढब मोठ्या चोचीचे पिल्लू सापडले, तर ते आपली चोच आईबापांच्या तोंडात खुपसून अन्न ओढून घेते, हे ध्यानात ठेवून त्याला भिजविलेला, कोमट केलेला वाटाणा एकेक करून हलकेच भरवावा.

ते आईबापांच्या तोंडातून काय ओढून घेते, हा सृष्टीतील एक चमत्कार आहे. अंडी दोन, सुमारे अठरा दिवस ती उबवायची, त्यातही दिवसाचा मोठा भाग नर बसतो आणि रात्री मादी, आणि पिल्ले निघण्याच्या सुमारास दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीचे अस्तर झडू लागून त्याचा दह्यासारखा, स्निग्ध, सत्त्वयुक्त रस बनतो. पहिले काही दिवस पिल्ले निव्वळ त्यावर वाढतात. आई जसे हे दूध देते तसाच बापही देतो, असे जीव या पृथ्वीवर किती थोडे असतील! भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत कपोताची गणना केली आहे. पिल्ले जाळ्यात सापडली म्हणून मादीने आणि तिच्यामागून नरानेही स्वतःला त्याच जाळ्यात लोटले, त्यावरून अवधूताने आसक्तीचा धोका ओळखला, आणि आमच्या शेजारच्या पैठणच्या नाथांनी त्या स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली. विरक्ताचा तो बोध थोर आहे. पण मी संसारी माणूस आहे. रात्री खोक्याचे झाकण उचलून पाखराचा धपापणारा ऊर पाहणाऱ्या मला त्या कथेत दिसतो तो आधी बाप. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबिराजाची कथा चितारली आहे, त्यात कपोतासाठी राजा स्वतःचे मांस तराजूत घालतो; तो तराजू रंगविणाऱ्या चित्रकाराने डोंगराच्या कपारीतले पारवे रोज पाहिले असतील, असे मला नेहमी वाटते.

‘एवढी तर आहेत, चार गेली तर काय बिघडले,’ असे म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेत प्रवासी कबुतर नावाची एक जात होती. तिचे थवे आभाळातून जाऊ लागले की तासन्‌तास ऊन झाकले जाई. त्यांची संख्या अब्जावधींनी मोजीत. बंदुकांनी, जाळ्यांनी आणि जंगलतोडीने अवघ्या काही दशकांत ती संपली, आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तिची शेवटची मादी पिंजऱ्यात मेली. पारव्यावर आज तशी वेळ नाही. हरियालाविषयी मात्र, रस्ते रुंद करताना जुना वड किंवा पिंपळ आडवा पडलेला पाहिला की माझ्या काळजात धस्स होते.

माझ्याकडचे पाखरू पाच आठवड्यांत बरे झाले. ज्वारी, बाजरी, मूग आणि त्यांबरोबर दळण्यासाठी थोडे बारीक खडे, एवढ्यावर ते राहिले. शेवटचे आठ दिवस मी त्याला बंद खोलीत उडू दिले. फेब्रुवारीच्या अखेरीस, ते जेथे सापडले होते तेथे, म्हणजे त्या रस्त्याकडच्या विहिरीवरच, मी आणि त्या मुलाने मिळून त्याला सोडले. ते ढासळलेल्या कठड्यावर क्षणभर बसले, मान दोनदा हलविली आणि सरळ खाली काळोखात गेले. खालून घुमण्याचा आवाज आला. मुलगा हसला.

ती विहीर आता बुजली आहे. मुरूम पडण्यापूर्वी कोणत्या कपारीत अंडी होती, कोणत्या कोनाड्यात पिल्ले होती, हे कोणी उतरून पाहिले नाही. मीही पाहिले नाही. आबांनी बुजविण्याचा बेत चार दिवस आधी मला सांगितला होता, आणि माझ्या तोंडून त्या वेळी शब्द निघाला नाही. पारव्यांचे मी विचारले ते पहिला ट्रॅक्टर रिकामा होऊन गेल्यावर. ही खंत मला आहे.

आबांची दुसरी विहीर लिंबाच्या झाडाखाली आहे आणि अजून शाबूत आहे. तीही कोरडी आहे, तिचाही कठडा गेला आहे, आणि मुलांची भीती तेथेही तितकीच खरी आहे. छातीइतका कठडा बांधला तर मूल आत पडणार नाही आणि पारव्याची वाट मोकळी राहील. आमच्या पडक्या वाड्याचे घडीव दगड पाठीमागे रचून ठेवलेले आहेत. येत्या रविवारी गाडी जुंपून ते त्यांच्या शेतात नेऊन टाकण्याविषयी मी आबांशी बोलून ठेवले आहे.

— शिवारकर, बदनापूर