मोहोळ जाळण्यापूर्वी माशी ओळखा

मोहोळ दिसले की टेंभा शोधावयाचा, ही रीत आपल्या खेड्यांत जुनीच आहे. आता ती शहरांतही आली आहे. पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत उंच इमारतीच्या सज्जाखाली आग्या माशीचे पोळे लागले, की ते जाळून टाकावे अशी मागणी लगेच होते. भीती खोटी नाही. आग्याच्या डंखांनी माणसे व गुरे दगावतात. तथापि, सर्वच मधमाश्या सारख्याच तापट असतात हा समज चुकीचा आहे, आणि त्या समजापोटी शेतकरी आपलेच नुकसान करून घेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात मधमाश्या मुख्यतः चार प्रकारच्या आढळतात. पोयाची माशी अगदी बारीक असते. तिला उपयोगी पडेल अशी नांगीच नसते. ती केसांत शिरते व चावा घेते, इतकेच. फुलोरी माशी झुडुपाच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे बांधते. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फांदीला डिंकासारख्या चिकट पदार्थाचे कडे करते, आणि फार त्रास झाला तर पोळे सोडून निघून जाते. झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात राहणारी सातेरी माशी मधपेटीत नांदते. महाबळेश्वर भागातील मधपाळांचा व्यवसाय तिच्यावरच उभा राहिला, आणि 2022 साली त्याच तालुक्यातील मांघर हे गाव ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. या माशीला नांगी आहे, पण धुराचे दोन झोत दिले की जाणकार माणूस पेटी उघडून पाहू शकतो.

राहिली आग्या. वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यांवर, वडा-पिंपळाच्या उंच फांद्यांवर आणि पुलांखाली तिची मोठी पोळी उघड्यावर लोंबतात. तिच्या रागाचे मूळ या उघडेपणातच आहे. ढोलीतल्या सातेरीला एक दार राखले की पुरते. आग्याला चहूबाजूंनी पहारा करावा लागतो. म्हणून माश्यांचे अनेक थर पोळ्यावर पडद्यासारखे बसलेले असतात. गांधीलमाशी जवळ आली, की या माश्या एकामागून एक आपले पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून वाऱ्याने पीक हलावे तशी लाट धावते. अशी लाट दिसली तर माणसानेही मागे फिरावे.

पण दगड लागला, मधुबाज पक्ष्याने झडप घातली किंवा खाली पाचोळा पेटविला, तर इशाऱ्यावर भागत नाही. पहिली माशी डंख मारते, तिची काटेरी नांगी कातडीत राहते व माशी मरते. त्या नांगीजवळून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो वास इतर माश्यांना तेथेच डंख करण्यास बोलावतो. एका डंखामागून शेकडो डंख होतात ते असे. यात चाल करून येण्यापेक्षा अंडी, पिल्ले व मध राखण्याचा भाग अधिक आहे. फुलावर एकटी बसलेली आग्या माशी शेतात काम करणाऱ्या बाईस सहसा काही करीत नाही.

जात एक असली तरी स्वभाव वेगळा असू शकतो, याचे उदाहरण परदेशातील आहे. 1956 साली वॉरविक केर या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील राण्या ब्राझीलमध्ये नेल्या. 1957 मध्ये त्यांतील 26 वसाहती निसटल्या, तेथील युरोपीय माश्यांशी त्यांचा संकर झाला, आणि 1990 पर्यंत ती संतती अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पोहोचली. तिचे विष अधिक जहाल नाही. अधिक माश्या लवकर बाहेर पडतात व दूरवर पाठलाग करतात, एवढाच फरक. म्हणून पेट्या पाळणाऱ्या शेतकऱ्याने सौम्य वसाहतीतूनच नव्या राण्या तयार कराव्यात. अतितापट पेटी केवळ मध जास्त देते म्हणून सांभाळणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

आता टेंभ्याविषयी. त्याने पिल्ले जळतात, पण बाहेरच्या माश्या दुसऱ्या दिवशीही तेथेच चवताळून घोंगावतात. शिवाय आग्या मोसमी माशी आहे. फुलोरा संपला की ती स्वतःच स्थलांतर करते. जालना व बुलढाणा भागांतील कांदा-बियाण्याच्या शेतकऱ्यास तर मी अधिक आग्रहाने सांगेन. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो व स्त्रीकेसर नंतर तयार होते. माशी आली नाही तर बी भरत नाही. बांधावरचे मोहोळ जाळून मग भाड्याने पेट्या आणणे हा कुठला हिशेब?

पोळे मुळीच हलवू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. शाळेच्या दारावर किंवा गोठ्याच्या आढ्याला आग्या बसली असेल, तर प्रशिक्षित माणसाकडून ते काढून घ्यावे. मध हवा असल्यास संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा मधाचा जाड भागच कापावा व पिल्लांचा भाग राखावा. असे शिक्षण महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून, तसेच पुण्यात 1962 साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून मिळते. गावातील दोन तरुण तेथे पाठविणे ग्रामपंचायतीला जड जाऊ नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी सभेत तोंडी सांगाव्यात, कारण भिंतीवरचा कागद कोणी वाचीत नाही. माश्या उठल्या तर हात झाडीत उभे राहू नये. तोंड कपड्याने झाकून घरात किंवा बंद वाहनात धावावे. विहिरीत उडी घेऊ नये. माश्या वर वाट पाहतात. रुतलेली नांगी नखाने लगेच खरवडून काढावी, कारण तिची विषाची पिशवी काही काळ विष सोडीतच राहते. श्वास लागला, तोंड सुजले किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. काहींना एक डंखही प्राणघातक ठरतो. आणि ज्या झाडावर आग्या बसली आहे, त्याच्या सावलीत बैल बांधू नयेत. दाव्याला बांधलेल्या जनावरास पळता येत नाही.