तोटा काहिलीत नाही, सौद्यात आहे

‘गुऱ्हाळ आता परवडत नाही, ऊस कारखान्याला घालून मोकळं व्हावं,’ हे मत कोल्हापूरच्या करवीर-पन्हाळ्यात इतकं रुळलंय की ते तपासायची तसदी कुणी घेत नाही.

मताला आधार आहे, हे आधी मान्य करू. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये; उतारा 12 टक्के धरला तर ती 4,155 च्या घरात जाते. शिवाय 14 दिवसांत बिल द्यायचं कायदेशीर बंधन. गुळाला असा हमीचा दर नाही. टनाला 110 किलो गूळ पडला, तर किलोला 38 रुपये मिळूनही नुसत्या उसाचे पैसे सुटतात. जळण म्हणून चिपाड घरचंच असलं, तरी गुळव्याची, जळव्याची मजुरी आणि चरकाचा खर्च त्यावर चढतो.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू कुणी मांडत नाही. गुळाचा दर किलोला एक रुपयाने वाढला, तर टनामागे 110 रुपये जास्त येतात. मग तो दर ठरतो कशावर? बाजार समितीच्या सौद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून रंग आणि कणी बघतात. रस निवळायला भेंडीचा चिकट रस वापरला, पाकाची गोळी थंड पाण्यात टाकून पारखली, याला तिथं वेगळा भाव नाही. भाव पिवळ्या रंगाला! म्हणून काहिलीत रंग उजळवणारा हायड्रॉस पडतो, साखर स्वस्त झाली की तीही पडते आणि सचोटीने केलेला तपकिरी गूळ मागच्या रांगेत बसतो.

‘गिऱ्हाईकालाच पिवळा लागतो,’ हा व्यापाऱ्यांचा ठरलेला जबाब. ज्याच्यासमोर रंगाखेरीज दुसरी खूणच ठेवली नाही, तो रंगच बघणार. हायड्रॉसमुळे गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला कायद्याने मर्यादा आहे. तिचा दाखला लावून सौदा निघाला, तर गिऱ्हाईक काय निवडतं ते कळेल.

1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हा इथल्या गुळाला बाजार मिळाला. 2014 मध्ये ‘कोल्हापुरी गूळ’ भौगोलिक मानांकनाला पात्र ठरला. त्या नावाचे पैसे मात्र उत्पादकाच्या पदरात पडत नाहीत. तीस किलोच्या रव्यात चांगला-वाईट सगळाच गूळ बिननावाचा होतो.

सगळा ऊस गुळाला घाला, असं आमचं म्हणणं नाही. कारखान्याचं बिल घर चालवतं. ते सोडू नये. पण चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक गुऱ्हाळ चालवावं, मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवावं, एक-एक किलोच्या ढेपा आणि काकवी आपल्या नावाने विकावी. बाजार समितीनेही तपासलेल्या गुळाचा सौदा वेगळा काढावा. एवढं करूनही तोटा आला, तर गुऱ्हाळं खुशाल बंद करावीत. पण रंगाच्या बाजाराने केलेला तोटा गुऱ्हाळाच्या खात्यावर मांडणं हा खोटा हिशेब आहे.