शरीराची ६५ वर्षांची आठवण

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, असं आजी म्हणते ना? खरंच आहे ते! अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली. मग ६५ वर्षं तो तिकडे फिरकलाच नाही. १८४६ मध्ये परत आला, तेव्हा बेटांवरची बहुतेक माणसं आजारी पडली. पण १७८१ मध्ये गोवर झालेल्या एकाही म्हाताऱ्याला तो पुन्हा झाला नाही, असं डॉक्टर पानुम यांना आढळलं. फ्लूचा विषाणू मात्र वेष पालटतो, म्हणून पुन्हा पुन्हा गाठतो.

गोवर जिवावरही बेततो. लस शरीराला त्याची ओळख आजाराशिवाय करून देते. पण डोस दोन हवेत : नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान. धाकट्या भावंडाचं लसीचं कार्ड आज आईबरोबर बघा बरं!