चौथ्या दिव्याचं गणित

दोस्तांनो, रंग बदलणारी एलईडीची पट्टी तुम्ही दिवाळीत आकाशकंदिलात पाहिली असेल. तिच्या एकेका ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन इवलेसे दिवे असतात. तिन्ही योग्य प्रमाणात पेटले की झाला पांढरा प्रकाश! मग काही पट्ट्यांत चौथा, पांढरा दिवा कशाला बरं घालतात?

कारण त्या तिघांच्या पांढऱ्या प्रकाशात पिवळ्याचा भाग फार कमी असतो. प्रकाश दिसतो पांढरा, पण त्यात ठेवलेल्या वस्तूंचे रंग विचित्र वाटतात. चौथ्या दिव्याची तऱ्हा निराळी. आत निळी एलईडी आणि तिच्यावर फॉस्फरचा पिवळा लेप! निळा आणि पिवळा मिळून पांढरा. निळी एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गंमत पुढेच आहे. प्रत्येक दिव्याला ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. आकडा मोठा, तर तो जास्त वेळ चालू. पण संगणकातल्या रंगाला सहसा तीनच आकडे असतात. चौथा आणायचा कुठून?

युक्ती अगदी सोपी. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा पांढऱ्याला द्या आणि तेवढाच तिघांतून वजा करा. समजा, लाल २००, हिरवा १५०, निळा १००. मग पांढरा १००, लाल १००, हिरवा ५० आणि निळा ०. निळ्याला चक्क सुट्टी! विजेचीही बचत होते. पूर्ण पांढऱ्यासाठी तिघांना प्रत्येकी २० मिलिअँपियर, म्हणजे ६० लागत असतील, तर तिथे एकट्या पांढऱ्याचं २० मध्ये भागतं.

मात्र पांढरा दिवा पिवळट छटेचा असेल, तर वजाबाकी बरोबर येऊनही रंग चुकतो. मग निळ्यातून कमी वजा करावं लागतं. शेवटी डोळ्यांनी पाहूनच आकडे जुळवायचे!

रंगीत छपाईतही असंच असतं बरं का. तीन रंगांच्या शाया एकावर एक थापण्याऐवजी त्यांचा सामाईक भाग काळ्या शाईवर सोपवतात.

आता तुम्ही सोडवा: लाल ९०, हिरवा २४०, निळा ६०. चौघांचे आकडे किती? आणि कोणत्या रंगांत पांढरा दिवा पेटणारच नाही? आई-बाबांनाही विचारा, पण उत्तर आधी झाकून ठेवा!

(उत्तर : पांढरा ६०, लाल ३०, हिरवा १८०, निळा ०. तिघांपैकी एकही आकडा शून्य असला, तर पांढरा पेटणार नाही.)