कंबर बाईची, टेबल मालकाचे

रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाया दवाखान्यात येतात. ‘डॉक्टर, इंजेक्शन द्या, उद्या कामावर जायचंय.’ दिवसभर वाकून पिशव्यांत माती भरायची, पाट्या उचलायच्या, कंबर धरणारच. इंजेक्शनाने दुखणे दबते, कारण तसेच राहते. अंथरुणाला खिळून राहणेही नको. शेकावे, झेपेल तसे हिंडावे-फिरावे. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. मात्र पायांतली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

माझे खरे सांगणे मालकांना आहे. पिशव्या भरायला कमरेइतके उंच टेबल ठोकून द्या, पाटी निम्मीच भरू द्या, तासा-दोन तासांनी काम बदला. खाडा झाला तर मजुरी तिची बुडते. टेबल मात्र तुम्हीच देऊ शकता.